कम्युनिटी कॉलेजची लायब्ररी आणि फाय थीटा कॅप्पाचं निमंत्रण: अनुभव सांगाल का?

पानगळ

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीतल्या एका काउंटी कॉलेजात (म्हणजे कम्युनिटी कॉलेजात, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) अकाउंटिंगची असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) करते आहे. बी.कॉम. नाशिकला झालं, लग्नानंतर इकडे आले, एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे. मुलगा शाळेत जायला लागल्यावर कॉलेजात नाव घातलं.

परवा कॉलेजच्या ईमेलवर फाय थीटा कॅप्पा नावाच्या ऑनर सोसायटीचं (चांगले ग्रेड असलेल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेचं) निमंत्रण आलं. तुमचे ग्रेड चांगले आहेत, सभासद व्हा, आणि खाली फीचा आकडा. नवरा म्हणाला, पैसे मागतायत ना, मग उघडूसुद्धा नकोस. वर्गातल्या एका मुलीला ही भानगड माहीतच नव्हती. दुसरी म्हणाली, तिच्या बहिणीला यातून पुढच्या युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप मिळाली. आता कोणाचं खरं धरायचं?

दुसरं असं, की कॉलेजातला माझा बराच वेळ लायब्ररीत जातो. नाशिकला खिडकीत चिठ्ठी द्यायची, बी.टी. कार्ड द्यायचं आणि आतून पुस्तक येईपर्यंत उभं राहायचं, अशी सवय. इथे कपाटांमधून आपलं आपण हिंडता येतं, कोणी हटकत नाही. मला ती जागा फार आवडते. या सोसायटीच्या बैठका तिथल्याच एका खोलीत होतात, दारावर निळा-सोनेरी फलक असतो. आतून हसण्याबोलण्याचे आवाज येतात. खरं सांगायचं तर फीपेक्षा मला त्या खोलीत जायचं धाडस हवंय. वर्गात बहुतेक जण अठरा-एकोणीसचे, माझी पस्तिशी उलटलेली.

आपल्या मंडळींत कम्युनिटी कॉलेज म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा उतरतो, तेही मनाला लागतं. इथून शिकलेलं किंवा इथे काम करणारं कोणी असेल तर सविस्तर लिहा.

एडिसनकर

पहिली शंका आधी मिटवतो. फाय थीटा कॅप्पा खरी संस्था आहे आणि जुनी आहे. १९१८ साली मिझुरी राज्यातल्या मुलींच्या दोन वर्षांच्या कॉलेजांच्या प्रमुखांनी एकत्र येऊन ती काढली. १९२९ मध्ये ज्युनियर कॉलेजांच्या (इथे दोन वर्षांच्या कॉलेजांनाच तसं म्हणत) राष्ट्रीय संघटनेने दोन वर्षांच्या कॉलेजांची अधिकृत ऑनर सोसायटी म्हणून तिला मान्यता दिली. मुख्यालय मिसिसिपीतल्या जॅक्सनला आहे. पात्रता साधारण अशी, की असोसिएट डिग्रीकडे धरली जाणारी १२ क्रेडिट्स (विषयांचे श्रेयांक) पूर्ण आणि जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) किमान ३.५. पुढे सभासदत्व टिकवायला किती जीपीए लागतो ते तुमच्या चॅप्टरला (कॉलेजातल्या शाखेला) विचारा.

नाव सारखं वाटतं म्हणून फाय बीटा कॅप्पाशी गल्लत होते. ती १७७६ सालची, चार वर्षांच्या कॉलेजांची. कम्युनिटी कॉलेजात ती नसते.

घरच्यांची काळजी मात्र रास्त आहे. भारदस्त ग्रीक नाव लावून पैसे मागणाऱ्या आणि कुठल्याच कॉलेजाशी संबंध नसलेल्या बऱ्याच संस्था फिरत असतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर चॅप्टरचं पान आहे का आणि सल्लागार म्हणून कॉलेजातल्याच एखाद्या प्राध्यापकाचं नाव आहे का, हे बघायचं. तुमच्या लायब्ररीतच बैठका होतात म्हटल्यावर हा प्रश्न उरत नाही. फी एकदाच भरायची असते. ६० डॉलर मुख्य संस्थेचे, त्यावर तुमच्या विभागाचे आणि चॅप्टरचे थोडे. जड जात असेल तर सल्लागारांना स्पष्ट सांगा. फी माफीची सोय बऱ्याच ठिकाणी असते, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही.

निळीशाई

पानगळताई, मी कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात होते, तिथल्या चॅप्टरची सचिव होते. नंतर पदवीची उरलेली वर्षं करायला युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर झाले, आता नोकरी करते. आत शिरल्यावर काय असतं ते सांगते, कारण माहितीपत्रकात ते कळत नाही.

सोसायटीची चार सूत्रं आहेत: विद्वत्ता, नेतृत्व, सेवा आणि मैत्र. ऐकायला गुळगुळीत वाटतात. प्रत्यक्षात वर्षभरात दोन मोठी कामं असतात. एक कॉलेजसाठी. प्राचार्यांच्या ऑफिसात जाऊन विचारायचं की कॉलेजला कशाची गरज आहे, आणि ते काम हाती घ्यायचं. दुसरं संशोधनाचं. मुख्य संस्था एक व्यापक विषय देते, त्यातला एक प्रश्न निवडून आधी अभ्यास करायचा आणि त्या अभ्यासातून जे निघेल त्यावर आपल्या गावात काहीतरी करून दाखवायचं. आधी वाचन, मग काम, हा क्रम मोडता येत नाही. मला या सगळ्यात तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. उत्साही पोरं थेट कपडे गोळा करायला नाहीतर झाडं लावायला धावतात. इथे सल्लागार अडवून विचारतात, तुमच्या वाचनात काय सापडलं? लेख कुठले वाचले? विरुद्ध मत कोणाचं आहे?

आमचं कॉलेजचं काम लायब्ररीतलंच होतं. अमेरिकेत पाठ्यपुस्तकं किती महाग असतात ते तुम्हाला माहीतच आहे, एकेक दीडशे-दोनशे डॉलरला. लायब्ररीत काउंटरमागे ‘रिझर्व्ह’ची मांडणी असते. प्रोफेसरने लावलेलं पुस्तक तिथे ठेवतात, दोन तासांसाठी मिळतं, इमारतीबाहेर नेता येत नाही. आमच्याकडे केमिस्ट्रीच्या पुस्तकासाठी परीक्षेच्या आठवड्यात रांग लागायची. दिवसा नोकरी करून संध्याकाळच्या वर्गाला येणाऱ्यांच्या वाट्याला ते कधी यायचंच नाही.

आम्ही आधी विद्यार्थ्यांना विचारत फिरलो, कुठलं पुस्तक न घेताच कोर्स करताय? मग विभागाविभागांत जाऊन प्रोफेसरांना त्यांच्या कपाटातल्या जादा प्रती मागितल्या. प्रकाशक त्यांना नमुना प्रती पाठवतात, पण त्यातल्या काहींवर विक्रीस नाही, हस्तांतर नाही असं छापलेलं असतं. त्या घ्यायच्या की नाही हे लायब्रेरियनबाईंनी ठरवलं. जुन्या आवृत्त्या आल्या त्यांचंही तसंच. गणिताची जुनी आवृत्ती चालते, कारण उदाहरणांचे क्रमांक बदलतात आणि गणित तेच राहतं. कर कायद्याची जुनी आवृत्ती दिली तर मुलाचं नुकसान. हा फरक आम्हाला त्यांनी शिकवला. शेवटी जमली ती पुस्तकं आम्हीच बारकोड लावून मांडली. पुढच्या सत्रात एक ओळखीची नर्सिंगची विद्यार्थिनी तिथलंच पुस्तक घेऊन बसलेली दिसली तेव्हा मला जे वाटलं ते कुठल्याही प्रमाणपत्राने वाटलं नव्हतं.

वयाचं म्हणाल, तर आमच्या चॅप्टरचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले होते आणि खजिनदारबाईंना नातवंडं होती. बिनधास्त दार ढकला.

लुकलुक

वाचतेय. मीसुद्धा एच-४. ईएडी (काम करण्याचा परवाना) अजून नाही. सभासद होता येतं का? आणि लायब्ररीत विद्यार्थ्यांना तासावर काम मिळतं ते आपल्याला चालतं का?

एडिसनकर

सभासदत्वाला नागरिकत्वाची किंवा व्हिसाची अट नाही. शिकायलाही एच-४ वर पूर्ण मोकळीक आहे. लायब्ररीतलं पगारी काम मात्र ईएडीशिवाय नाही. “पगार नको, फुकट करते” असं म्हणूनही ती जागा घेऊ नका. जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते फुकट करणं हेही अडचणीचं ठरू शकतं. चॅप्टरतर्फे पुस्तकं गोळा करणं, अन्नवाटपाला मदत करणं, हे खरंखुरं स्वयंसेवी काम वेगळं. शंका वाटली तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. केंद्र सरकारची आर्थिक मदतही एच-४ ला मिळत नाही, त्यामुळे आपल्यासाठी खाजगी आणि कॉलेजच्या स्वतःच्या स्कॉलरशिपांचं महत्त्व जास्त. प्रत्येकीच्या अटींत व्हिसाबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा, मग निबंधाला बसा.

संदर्भविभाग

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या लायब्ररीत रेफरन्स डेस्कवर काम करते. मूळची पुण्याची, ग्रंथालयशास्त्र तिकडेच शिकले, इथे पुन्हा मास्टर्स केलं. पानगळ, तुला ती जागा आवडते हे वाचून बरं वाटलं, म्हणून जरा लांबण लावते.

तू कपाटांमधून आपलं आपण हिंडण्याचं, म्हणजे मुक्तद्वार पद्धतीचं लिहिलंस. ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हे ग्रंथालयशास्त्राचं पहिलं सूत्र, आणि ते लिहिलं आपल्या ग्रंथपाल एस. आर. रंगनाथनांनी, १९३१ साली. माझ्या इथल्या प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला ते फळ्यावर लिहिलं. मद्रासच्या माणसाचं सूत्र मिळवायला मी समुद्र ओलांडून आले होते. कपाटं उघडी ठेवायची, वेळ वाढवायची, वाचकाला पुस्तकापर्यंत नेऊन सोडायचं, हे सगळं त्या एका वाक्यातून निघतं.

एक व्यावहारिक गोष्ट. तू नाशिकला ड्यूई पद्धत (पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची) पाहिली असशील, तिथे अकाउंटिंग ६५७ वर असतं. अमेरिकेत कॉलेजच्या लायब्रऱ्यांत बहुधा लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत असते. तुझा विषय एचएफ ५६०१ पासून पुढे शोध. आकडा धरून त्या कपाटापाशी उभी राहा आणि आजूबाजूची पुस्तकं चाळ. कॅटलॉगमध्ये शोधून जे हाती लागत नाही ते शेजारच्या पुस्तकात मिळतं.

लायब्ररीत काय काय मिळतं हे विद्यार्थ्यांना शेवटच्या सत्रात कळतं, याची मला खरोखर हळहळ वाटते. लॅपटॉप सत्रभरासाठी मिळतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर मिळतो, तो विकत घ्यायला शंभराच्या वर जातात. ग्रुप स्टडीसाठी खोली राखून ठेवता येते. आमच्याकडे नसलेलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून दुसऱ्या कॉलेजाकडून मागवून देतो, आणि बहुतेक वेळा त्याचे पैसे लागत नाहीत. डेटाबेसांचे लेख घरून तुझ्या कॉलेजच्या लॉगिनने उघडतात. इंटरनेटवर जो लेख वाचायला चाळीस डॉलर मागतात, तो अनेकदा आमच्याकडे आधीच घेतलेला असतो. पैसे भरण्याआधी आम्हाला विचारायचं.

अकाउंटिंगवाल्यांना अडचण येते ती अॅक्सेस कोडची. हल्ली गृहपाठ प्रकाशकाच्या वेबसाइटवर करावा लागतो आणि तो कोड एका विद्यार्थ्यापुरता असतो. पुस्तक मी रिझर्व्हला ठेवू शकते, कोड नाही ठेवू शकत. म्हणून मुक्त पाठ्यपुस्तकांचा मुद्दा महत्त्वाचा. ह्यूस्टनच्या राइस युनिव्हर्सिटीचा ओपनस्टॅक्स प्रकल्प २०१२ पासून पाठ्यपुस्तकं फुकट देतो, तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली. अकाउंटिंगचीही दोन खंडांत आहेत. कुठलं पुस्तक लावायचं ते प्रोफेसर ठरवतात. एकट्या लायब्रेरियनने म्हटलं तर ती सूचना होते. विद्यार्थ्यांची संघटना आकडे घेऊन विभागप्रमुखांकडे गेली की त्यावर बैठक लागते. निळीशाईने लिहिलं तसं काम करणारी मुलं आमच्याकडे येतात तेव्हा मी हातातलं बाजूला ठेवते.

आणि ते चेहरा उतरण्याचं. माझ्या डेस्कवर रात्रपाळी करून आलेली नर्सिंग असिस्टंट येते, गॅरेज चालवणारे पन्नाशीचे गृहस्थ येतात, शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेणारी सोळा वर्षांची मुलगी येते. इतक्या वेगवेगळ्या कारणांनी शिकायला आलेली माणसं एका छताखाली मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. इथे प्रवेशासाठी कोणाला नाकारत नाहीत. त्याला कमी प्रत म्हणणं मला मान्य नाही.

तीनवाटा

थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. माझ्या मुलाने कम्युनिटी कॉलेजात असताना फी भरली, प्रमाणपत्र आलं, पदवीदानाला सोनेरी पट्टा घातला. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कोणी त्याबद्दल विचारलं नाही. त्याच वेळात त्याने इंटर्नशिप शोधली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. लहान मूल सांभाळून शिकणाऱ्या बाईने वेळ कुठे घालवायचा हे नीट तोलून ठरवावं.

निळीशाई

काका, तुमचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. नुसतं नाव नोंदवलं तर हातात कागद येतो आणि रेझ्युमेवर एक ओळ वाढते, तिला कोणी विचारत नाही हे खरं. मला मुलाखतीत विचारलं गेलं ते पुस्तकांच्या कामाबद्दल. किती लोक होते, कोण आडवं आलं, पैसे नसताना कसं केलंत. उत्तरं माझ्याकडे होती कारण मी ते केलं होतं. बैठकांना जायला जमणार नसेल तर फी भरू नये, असं मीही सांगेन.

एकच गोष्ट यात वेगळी धरावी लागते, ती म्हणजे ट्रान्सफर स्कॉलरशिप. अनेक युनिव्हर्सिट्या फाय थीटा कॅप्पाच्या सभासदांसाठी वेगळी रक्कम ठेवतात आणि तिथे सभासदत्व ही सरळ अट असते. पानगळताई, पुढे जिथे जायचंय त्या युनिव्हर्सिटीच्या ट्रान्सफर पानावर हे आधी बघा. तिथे अशी स्कॉलरशिप असेल तर फी वसूल होते. नसेल तर उरलेल्या कारणांसाठी जायचं का ते ठरवा.

डबा_आणि_दप्तर

ट्रान्सफरचा विषय निघालाच आहे तर. माझी मुलगी कॅलिफोर्नियात याच वाटेने गेली. राज्याच्या रहिवाशांना तिथल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांत एका युनिटला (क्रेडिटला) ४६ डॉलर पडतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे (यूसीचे) सहा कॅम्पस ट्रान्सफरची हमी देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. अट जीपीएची आणि ठरलेल्या विषयांची, अर्ज सप्टेंबर महिन्यात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो हमी देत नाहीत, पण त्याही ट्रान्सफरने मोठ्या संख्येने विद्यार्थी घेतात. कुठला विषय कुठे धरला जातो ते ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी साइटवर कॉलेजवार दिलेलं असतं. न्यू जर्सीतही राज्यपातळीवरचा ट्रान्सफर करार आहे, असोसिएट डिग्री पूर्ण केली तर सरकारी युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला जाता येतं. त्यात एए आणि एएस या असोसिएट डिग्र्या धरतात. एएएस ही नोकरीसाठीची डिग्री आहे, तिचं गणित वेगळं. पानगळ, तुमची कुठली आहे ते आजच तपासा.

जॅक केंट कुक फाउंडेशनची कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉलरशिप आहे, वर्षाला ५५,००० डॉलरपर्यंत. चुरस जबरदस्त. पण त्याच्या निबंधांसाठी केलेली तयारी दुसऱ्या अर्जांना कामी येते, म्हणून माझ्या मुलीने तो भरलाच.

तिच्या कॉलेजात फाय थीटा कॅप्पाबरोबर अल्फा गॅमा सिग्माही होती, ती फक्त कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांची. तिने तीच निवडली, कारण मैत्रिणी तिथे होत्या.

वाचनकट्टा

साताऱ्याजवळच्या एका कॉलेजात शिकवतो. तुमचा धागा वाचताना सारखे आमचे ‘कमवा आणि शिका’तले विद्यार्थी डोळ्यांसमोर येत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढली, म्हणजे तुमच्या त्या सोसायटीच्या मागोमागच. आमच्या ग्रंथालयात या योजनेतली मुलं पुस्तकं मांडतात, शिक्के मारतात, अभ्यासिका उघडतात आणि बंद करतात. ग्रंथालयाची सगळ्यात बारीक माहिती त्यांनाच असते. चांगला विद्यार्थी असणं आणि कॉलेजसाठी अंग मोडून काम करणं यांची सांगड तिकडेही घालतात, हे मला माहीत नव्हतं. रिझर्व्हच्या पुस्तकांचं सर्वेक्षण करून विभागात जाण्याची कल्पना मी आमच्या मुलांपुढे मांडणार आहे. निळीशाई, तुमची प्रश्नावली मिळेल का?

निळीशाई

नक्की. व्यक्तिगत निरोपातून पाठवते. तुमच्याकडे एक प्रश्न वाढवा: गावाकडून एसटीने येणाऱ्यांना ग्रंथालयाची वेळ जुळते का? आमच्याकडे संध्याकाळच्या वर्गवाल्यांचा प्रश्न आम्हाला उशिरा सुचला.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. डिग्री तपासली, एएस आहे, जिवात जीव आला. मला जिथे जायचंय त्या युनिव्हर्सिटीच्या पानावर फाय थीटा कॅप्पाची स्कॉलरशिप आहे, पण व्हिसाबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून त्यांना ईमेल टाकली आहे. तीनवाटाकाका, तुमचं वाचून घरी वेळापत्रक मांडून बसलो. आठवड्यातली एक दुपार निघते, तेवढी मी देऊ शकते.

आणि आज लायब्ररीत एचएफ ५६०१ शोधलं! ऑडिटिंगचं एक पुस्तक शेजारीच सापडलं, जे कॅटलॉगमध्ये मी शोधलंच नसतं. घरी घेऊन आले.

सल्लागार प्राध्यापक भेटल्या. त्या म्हणाल्या, फी नंतर भर, आधी दोन-चार बैठकांना येऊन बस. चॅप्टर यंदा कॉलेजच्या कामासाठी विषय शोधतोय. मी अॅक्सेस कोडचं बोलले तर त्यांनी लगेच वहीत लिहून घेतलं. आता शेवटचे दोन प्रश्न. सभासदांच्या समारंभात नेमकं काय असतं? आणि शाळेला सुट्टी असलेल्या दिवशी मुलाला बैठकीला नेलं तर चालेल का?

संदर्भविभाग

समारंभ साधा आणि देखणा असतो. मेणबत्त्या लावतात, शपथ घेतात, नाव पुकारतात, पांढरा गुलाब देतात. घरच्यांना बोलावता येतं, नवऱ्याला आणि मुलाला घेऊन जा.

मुलाचं आधी डेस्कवर विचारून ठेव. लहान मुलांबद्दल प्रत्येक लायब्ररीचा नियम वेगळा असतो. बऱ्याच ठिकाणी पालक सोबत असतील तर हरकत नसते, मात्र मुलाला एकट्याला बाहेर बसवून तू खोलीत, असं चालत नाही. काही कॉलेजांनी तर मुलं घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी खेळणी ठेवलेली अभ्यासाची खोली केली आहे. तुमच्याकडे नसेल तर अॅक्सेस कोडच्या खाली त्याच वहीत हेही लिहायला सांग.